तुम्हाला काहीच करायला लागणार नाही

गणपतीला महिना-सव्वा महिना राहिला असेल. संध्याकाळी मंडळाची पोरं घरी आली. चपला बाहेर काढून, पाणी पिऊन, अगदी रीतसर बसली. यंदाचा देखावा ‘जुनं मिरज स्टेशन’ असा ठरलाय म्हणाली. प्लायवूडचा फलाट, पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत मिरज जंक्शन, एक हमाल, एक चहावाला, आणि रुळावर माझं वाफेवरचं छोटं इंजिन. एकाने मोबाइलवर काढलेला आराखडा दाखवला. खाली मोटर लपवायची, पट्ट्याने चाकं फिरवायची, धूर लग्नात सोडतात त्या मशीनचा, शिट्टी स्पीकरवर. “काका, तुम्हाला काहीच करायला लागणार नाही बघा. आम्हीच नेतो, आम्हीच आणून ठेवतो. कोळसा नको, पाणी नको, काय नको.” हिने सगळ्यांना चहा दिला. मी दोन दिवसांत सांगतो म्हणालो. पोरं निघून गेली, पण ते वाक्य काही मनातून जाईना.

तसं त्यात खुपण्यासारखं काय होतं? वयाने मोठ्या माणसाकडे काही मागायला गेलं की आपल्याकडे असंच बोलतात. तुम्हाला त्रास नको, धावपळ आमची. त्यात आदरच होता. पोरंही चांगली. महापुरात याच मंडळाच्या पोरांनी गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना पाठीवर घेऊन बाहेर काढलं होतं. तरी रात्री अंथरुणावर पडलो आणि तेच शब्द फिरत राहिले. काहीच करायला लागणार नाही. मग त्या इंजिनाशी माझं नातं कशाचं आहे? दिवाणखान्यातल्या टेबलावर ते उभं असतं तेव्हा येणारा-जाणारा त्याला मॉडेल म्हणतो, शोपीस म्हणतो, लहान मुलं खेळणं म्हणतात. मीही कुणाला समजवायचं म्हणून मॉडेलच म्हणतो. पण त्या रात्री वाटलं, की इतकी वर्षं आपण लोकांना अर्धंच सांगत आलो.

इंजिन पाच इंची गेजचं आहे. म्हणजे दोन रुळांमधलं अंतर १२७ मिलिमीटर. आराखडा मार्टिन इव्हान्स या इंग्रज माणसाचा, ‘सिम्प्लेक्स’ नावाचा. सहा चाकं, सगळी एकमेकांना दांड्यांनी जोडलेली, दोन्ही बाजूंना पाण्याच्या टाक्या. उचलायला दोघे लागतात. बॉयलर तांब्याचा, चांदीच्या डाखाने जोडलेला. आत नळ्या, नळ्यांच्या मागे फायरबॉक्स, फायरबॉक्समध्ये खराखुरा जाळ. मी मागच्या ट्रॉलीवर, दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवर पाय टेकवून बसतो आणि पुढे वाकून हाताच्या पंजात मावणाऱ्या फावड्याने कोळसा घालतो. सपाटीवर पाच-सहा मोठी माणसं हे इंजिन आरामात ओढतं. ती ओढ कुठल्या मोटरची नसते. ८० पौंड दाबाची वाफ दट्ट्याला ढकलते, मिरजेच्या यार्डात ढकलायची तशीच. घराच्या मॉडेलमध्ये कुणी राहत नाही, जहाजाच्या मॉडेलमध्ये कुणी बसत नाही. हे मात्र पूर्ण इंजिन आहे, आकाराने लहान.

आणि लहान आहे म्हणून सोपं आहे, असं मुळीच नाही. ही गोष्ट मला फार उशिरा नीट उमगली, आणि या छंदातली सगळ्यात मोठी गोष्ट मला तीच वाटते. लांबी-रुंदी आपण हवी तेवढी लहान करू शकतो. निसर्ग लहान होत नाही. सगळी मापं आठपट कमी केली की जाळाच्या जाळीचं क्षेत्रफळ चौसष्टपट कमी होतं आणि बॉयलरच्या पोटातलं पाणी पाचशे बारापट. पण पाणी उकळायचं तेवढ्याच तापमानाला उकळतं, कोळशाला जळायला लागायची तेवढीच हवा लागते. कोळसा त्याच प्रमाणात बारीक करून घातला तर हवेच्या ओढीबरोबर तो नळ्यांतून उडून धुराड्याबाहेर पडेल. म्हणून खडे १०-१२ मिलिमीटरचे ठेवावे लागतात, आणि त्या आकाराचे मोजके खडे मावले की फायरबॉक्स भरला. पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी प्रमाणात बारीक केली तर पाणी काचेला धरून वर चढतं आणि नसलेलं पाणी दाखवतं. म्हणून ती नळी प्रमाण सोडून जाडच ठेवायची. मोठ्या इंजिनावर फायरमनला चार मिनिटं इकडेतिकडे बघायला मिळत असतील. इथे दोन मिनिटं नजर हटली की जाळ बसतो, काचेतलं पाणी खाली गेलेलं असतं.

शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडात यावरून मोठा वाद झाला होता. लहान इंजिनात कोळशाचा जाळ टिकणार नाही, तिथे स्पिरिटचा दिवाच हवा, असं जाणकारांचं मत होतं. ‘एलबीएससी’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या कर्ली लॉरेन्सने १९२० च्या दशकात आपलं अडीच इंची गेजचं ‘आयेशा’ हे कोळशावरचं इंजिन माणसं ओढताना लोकांसमोर चालवून दाखवलं, आणि वाद मिटला. मग हा माणूस कित्येक वर्षं साध्या लेथवर, घरच्या शेडमध्ये बनवता येतील अशा इंजिनांचे आराखडे आणि कृती लिहीत राहिला. कारखान्यातल्या फिटरला, शाळामास्तराला, पोस्टातल्या कारकुनाला आपल्या हातांनी वाफ करता यावी, ही त्याची धडपड. मला त्याच्याविषयी कृतज्ञता वाटते. त्याच्या आराखड्यांमुळे हे वेड श्रीमंतांच्या बागांतून बाहेर पडलं, आणि फिरत फिरत सांगलीसारख्या गावापर्यंत आलं.

इथे ते रुजायला जमीनही होती. माझे वडील टर्नर. किर्लोस्करवाडीच्या आसपासच्या गावांत त्या पिढीतल्या घरटी एकाला तरी लेथची भाषा यायची. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर कारखाना उभा केला, लोखंडी नांगर केले, आणि शेतकऱ्यांच्या पोरांच्या हातांत कानस आली. त्यांचा पुढचा सगळा वंश आज कुपवाड आणि मिरजेच्या एमआयडीसीत आहे. वडील नख फिरवून पृष्ठभाग किती खरखरीत आहे ते सांगायचे. कानस ओढताना आवाज बदलला की न बघता म्हणायचे, “कोपरा खातोय.” माझ्या पहिल्या इंजिनाच्या कनेक्टिंग रॉड त्यांनी शेवटच्या आजारपणात अंथरुणाशेजारी पाट मांडून घासल्या. इंजिन वाफेवर आलेलं त्यांना बघायला मिळालं नाही. रॉड मात्र अजून तशाच आहेत, त्यांच्या हातच्या.

दर वेळी वाफ करण्याचा विधी ठरलेला असतो.

पहाटे मळ्यात जायचं. हरिपूरच्या अलीकडे एका स्नेह्यांच्या मळ्यात मी रूळ टाकलेत, लोखंडी पट्ट्या आडव्या पट्ट्यांवर वेल्ड करून. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात मनगट जाईल एवढी फाटते, त्यामुळे खाली मुरमाचा जाड थर देऊनही दर मोसमाला रूळ पाणसळीने तपासावे लागतात. मग इंजिन. आधी बॉयलरमध्ये पाणी, काचेत निम्म्याच्या वर. प्रत्येक सांध्याला तेल. सिलिंडरसाठी वेगळं, दाट, काळपट हिरवं तेल, वाफेबरोबर आत जाणारं. धुराड्यावर छोटा विजेचा पंखा बसवायचा, कारण वाफ नाही तोवर जाळाला हवेची ओढ नाही. बाभळीच्या कोळशाचे तुकडे रात्रभर रॉकेलमध्ये भिजवून ठेवत असे. रॉकेल आता सहज मिळत नाही म्हणून रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन वापरतो. काडी लावली की आधी काळा धूर, नाकात जाणारा तेलकट वास, मग धूर पातळ होतो आणि फायरबॉक्सच्या दारातून नारिंगी उजेड दिसायला लागतो. त्यावर निवडून, चाळून घेतलेला दगडी कोळसा. आपल्याकडचा कोळसा राखाळ. मोठ्या जाळीवर ते खपून जातं, पण इथे राखेचा खडा वितळून जाळीला चिकटला की हवा बंद आणि जाळ मेला. म्हणून कोळसा निवडणं हे अर्धं काम. जळक्या आणि न जळणाऱ्या खड्यातला फरक वजनावरून कळायला लागतो, मग चमकेवरून, मग हाताला लागणाऱ्या काजळीवरून.

लहानपणी मामाच्या गावी गुऱ्हाळावर रात्र काढली की चुलवाणात चिपाडं सारणाऱ्या माणसाशेजारी बसायला मिळायचं. काहिलीत काय चाललंय ते त्याला दिसत नसे. गुळव्या वरून काही बोलतही नसे. पण रस उतू जाणार की मंदावणार हे त्याला जाळाच्या आवाजावरून कळायचं, आणि हात आपोआप आखडायचा किंवा भरभर चालायचा. ट्रॉलीवर बसलो की मला तो माणूस आठवतो. काटा २० पौंडांवर आला की पंखा काढून इंजिनाचाच ब्लोअर उघडायचा, म्हणजे वाफेची बारीक धार धुराड्यात सोडायची. इथून पुढे इंजिन आपला श्वास आपण घेतं. चाळीस, साठ. रंग तापल्याचा वास येतो. सेफ्टी व्हॉल्व्ह आधी कुजबुजतो, मग अचानक पांढऱ्या वाफेचा खांब उभा राहतो आणि झाडावरचे बगळे उडतात. सिलिंडरचे ड्रेन कॉक उघडे ठेवून हळूच रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरला वाफ सोडणारी झडप, उघडायचा. थंड सिलिंडरमध्ये वाफेचं पाणी झालेलं असतं, पाणी दाबलं जात नाही, ते आधी बाहेर जाऊ दिलं नाही तर दट्ट्या झाकण फोडेल. फुस्स, फुस्स करत पाणी निघून जातं. मग पहिला कोरडा ठोका. मग दुसरा. जमिनीतून, ट्रॉलीतून, पाठीच्या कण्यातून तो ठोका वर येतो. स्पीकरमधून हे यायचं नाही.

सगळ्यात जीव खातो तो इंजेक्टर. १८५८ मध्ये आंरी जिफार या फ्रेंच माणसाने तो काढला, आणि अजूनही मला तो समजावून सांगताना अंगावर काटा येतो. बॉयलरमधलीच वाफ बाहेर घ्यायची आणि तिच्या जोरावर त्याच बॉयलरमध्ये, त्याच दाबाविरुद्ध, पाणी आत ढकलायचं. ऐकताना हे अशक्य वाटतं. पण वाफ निमुळत्या तोटीतून प्रचंड वेगाने सुटते, गार पाण्याला भेटून पाण्यातच विरते, आपला वेग त्याला देऊन टाकते, आणि पुढच्या रुंदावत जाणाऱ्या तोटीत त्या वेगाचा दाब होतो. अट एकच, पाणी गार हवं. कोमट पाण्यात वाफ पुरती विरत नाही आणि इंजेक्टर थुंकायला लागतो. आता सांगलीचा मे महिना डोळ्यांसमोर आणा. त्यात माझ्या इंजिनाच्या टाक्या बॉयलरला खेटून. म्हणून उन्हाळ्यात पाण्याची टाकी मागच्या ट्रॉलीवर ठेवतो आणि तिला ओलं गोणपाट गुंडाळतो, तरी अकरानंतर तो रुसतोच. मग हातपंप मारायचा. इंजेक्टरच्या आतली भोकं मिलिमीटरपेक्षाही बारीक, आणि आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनींविषयी इथल्या माणसाला काही सांगायला नको. तोच क्षार तांब्याच्या नळ्यांवर पांढरा थर धरतो आणि इंजेक्टरचा घसा आवळतो. म्हणून मी बॉयलरला फक्त पागोळ्यांचं पाणी देतो. पहिला मोठा पाऊस कौलं धुऊन जाऊ देतो आणि मग पिंप लावतो. शेजारच्या वहिनी त्याला ‘इंजिनाचं पाणी’ म्हणतात आणि कुणाला त्यात लोटी बुडवू देत नाहीत.

आपल्याकडच्या बॉयलर कायद्यात २५ लिटरच्या आतलं भांडं धरलं जात नाही. माझा बॉयलर त्यापेक्षा खूपच लहान आहे, त्यामुळे कुणी इन्स्पेक्टर यायचा नाही. पण कायदा सोडतो म्हणून वाफ सोडत नाही. इंग्लंडातल्या क्लबांची पद्धत मी घरी पाळतो. नवा बॉयलर कामाच्या दाबाच्या दुप्पट दाबाला तपासायचा, पुढच्या तपासण्या दीडपटीला. आत हवा न ठेवता पूर्ण गार पाण्याने भरून, पंपाने दाब चढवून. पाणी आक्रसत नाही, त्यामुळे जोड सुटला तरी चार थेंब गळतात, स्फोट होत नाही. काटा हलतोय का हे बघत बसण्यात एक शांतपणा असतो.

हे सगळं काम पोरांनी माझ्यावरून उतरवायचं ठरवलं होतं.

माझ्या पिढीच्या मिरजेच्या माणसाला खरं तर देखाव्याची गरज नाही. तिन्ही गेज एका ठिकाणी बघायला मिळायचे. पुण्याहून कोल्हापूरला जाणारी, १९७१ च्या सुमारास नव्याने रुंद झालेली लाइन. बेळगाव, लोंढ्याकडे जाणारी मीटर गेज. आणि एका कडेला बार्शी लाइट, अडीच फुटी. मीटर गेजवर टाटांच्या टेल्कोत बनलेली वायपी आणि वायजी इंजिनं असायची. वडिलांच्या ओळखीच्या एका फायरमनने मला एकदा केबिनमध्ये उचलून घेतलं होतं. दार उघडल्यावर चेहऱ्यावर आलेली ती धग, त्याच्या डोक्याचं ओलं फडकं, आणि एकाच झोकात कोळसा मागच्या डाव्या कोपऱ्यात पसरवणारं फावडं. काही न बोलता तो माणूस जाळाच्या रंगाकडे बघत होता. मला वाटलं होतं, हा जाळात काहीतरी वाचतोय. ते वाचणं काय असतं हे पन्नाशी उलटल्यावर कळलं.

पण जीव होता बार्शी लाइटवर. आषाढीला आजीबरोबर मिरजेहून पंढरपूरला जायचो. आरग, सलगरे, कवठेमहांकाळ, ढालगाव, जत रोड, सांगोला. डब्यात पाय ठेवायला जागा नसे. अभंग चालू, आणि उघड्या खिडकीतून येणारा कोळशाचा कण डोळ्यात गेला की आजी पदराचं टोक तोंडात ओलं करून काढायची. ही लाइन एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरच्या डोक्यातून आली. १८९७ मध्ये बार्शी रोडपासून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून, बार्शीपर्यंत, १९०६ मध्ये पंढरपूरपर्यंत, १९११ मध्ये दुसऱ्या टोकाला लातूरपर्यंत, आणि १९२७ मध्ये आमच्या मिरजेपर्यंत. त्याचं सूत्र साधं होतं. कुठल्याही ॲक्सलवर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही, मग इंजिन असो वा वाघीण. भार सारखा वाटला की हलके रूळ पुरतात, आणि हलके रूळ पुरले की गरीब मुलखालाही रेल्वे परवडते. म्हणून लीड्सच्या किटसन कंपनीकडून त्याने दांड्यांनी जोडलेली आठ चाकं आणि मागे चार लहान चाकं असलेली लांबोडकी टाकी-इंजिनं करून घेतली. फेअरी क्वीन, आपलं १८५५ चं जगप्रसिद्ध इंजिन, तेही याच किटसन घराण्यातलं. आता ती सगळी लाइन रुंद झाली आहे. पंढरपूरला गाडी लवकर पोचते, वारकऱ्यांची सोय झाली, आणि ते चांगलंच झालं. तरी कवठेमहांकाळच्या बाजूला गेलो की जुन्या अरुंद भरावाचा एखादा तुकडा बाभळींत दिसतो का, हे माझी नजर शोधत राहते.

संग्रह करणं ही वेगळीच गोष्ट आहे, आणि तिच्याविषयी माझं मन एकमुखी नाही. लहान इंजिनं साधारण मरणानंतर हात बदलतात. करणारा जातो, मुलांना जागा हवी असते, मग इंजिन विकायला निघतं. पुष्कळदा अर्धवटच असतं. चौकट तयार, चाकं ओतलेली पण न कातलेली, आणि एका खोक्यात कुणीतरी जपून ठेवलेले बारीक बोल्ट. माझं सिम्प्लेक्स मात्र पूर्ण झालेलं, चालवलेलं, विलायतेहून लाकडी पेटीत आलं. बरोबर तंबाखूच्या डबीत कागदात गुंडाळलेल्या जादा काचनळ्या, आणि एक वही. वहीत त्या अनोळखी माणसाने प्रत्येक फेरीची नोंद ठेवलेली. वारा कुठून, कोळसा कुठला, इंजेक्टर चालला की नाही. त्याचं नाव कुठेच नव्हतं. टाकीच्या आतल्या बाजूला, कधीच कुणाला दिसणार नाही अशा जागी, त्याने कडा इतक्या सुबक घासल्या होत्या की मी पहिल्यांदा टाकी उतरवली तेव्हा काम थांबवून नुसता बघत बसलो. त्याच वहीत पुढच्या पानापासून मी माझ्या नोंदी मराठीत सुरू केल्या.

पुण्यात माझे एक स्नेही आहेत, त्यांच्याकडे माझ्यापेक्षा कितीतरी चांगली इंजिनं आहेत. काचेच्या कपाटात, एकही कधी वाफेवर आलेलं नाही. रंगावरची केसाएवढी बारीक पिवळी रेघ जशीच्या तशी. ते म्हणतात, एकदा जाळ लावला की ही रेघ गेली. खरंच आहे. प्रत्येक वेळी वाफ केली की इंजिन थोडं झिजतं. सिलिंडरची भिंत, व्हॉल्व्हचा तळ, दांड्यांची भोकं. तापणं-निवणं, तापणं-निवणं, यात तांब्याचेही दिवस भरत असतात. करणाऱ्याच्या हाताची सफाई डोळे भरून बघायची असेल तर ती त्यांच्याच कपाटात बघावी, आणि मी बघतो. कोथरूडच्या जोशींच्या छोट्या रेल्वेंच्या संग्रहालयातही मी तासन्‌तास रमतो. तिथे सगळं विजेवर चालतं, आणि ते विजेवरच चालावं असं रचलेलं आहे. पण ज्या इंजिनात कुणी आयुष्यातल्या कित्येक संध्याकाळी घालून नळी न् नळी डाखली, ती वाफेसाठी डाखली. जाळाशिवाय ती जोडणी खरी की खोटी हे कळतच नाही. त्या वहीवाल्या माणसाने इंजिन झिजवलं म्हणून मला त्याची ओळख झाली. नुसतं ठेवलं असतं तर माझ्याकडे एक सुंदर वस्तू आली असती, आणि वही आली नसती.

२०१९ च्या ऑगस्टात गावभागातल्या आमच्या घरात पाणी शिरलं. आयर्विन पुलावरची पाण्याच्या पातळीची पट्टी बघून माणसं निघेपर्यंत वेळ गेला होता. आईला आणि कागदपत्रांना घेऊन निघालो. टेबलावरचं इंजिन तिथेच राहिलं. परत आलो तेव्हा भिंतींवर छातीपर्यंत गाळाची रेघ होती, आणि कृष्णेच्या त्या गाळाचा वास, कुजलेल्या उसाचा, रॉकेलचा, ओल्या धान्याचा, अजून कधी कधी पावसाळ्यात नाकात येतो. त्या दिवसांत इंजिनाकडे बघायला कुणाला सवड होती? आधी घर, मग शेजारी, मग दुकान. इंजिन महिनोन्‌महिने गाळ भरून पडून होतं. शेवटी उघडलं तेव्हा ॲक्सल गंजून खवले धरले होते, नळ्या मातीने ठासलेल्या, पण सिलिंडर शाबूत. करणाऱ्याने ते गनमेटलचे केले होते, आणि गनमेटलला गंज चढत नाही. बारीक काडीला फडकं गुंडाळून एकेक नळी साफ करताना वाटत होतं, की या माणसाने माझ्यासारख्याच कुणासाठी तरी हा धातू निवडला होता. वाट बघू शकेल असा.

पोरांना मी तिसऱ्या दिवशी बोलावलं. इंजिन देखाव्याला देणार नाही, हे आधी सांगितलं आणि कारणही सांगितलं. आत मोटर बसवायला चौकटीला भोकं पाडावी लागतील, आणि मोटरने फिरवलेल्या सिलिंडरला वाफेबरोबर जाणारं तेल मिळत नाही, कोरडे दट्ट्ये घासत राहतात. फलाटासाठी म्हणून जुने फोटो दिले, वायपीचा पुढचा भाग पुठ्ठ्यात कसा करायचा तो काढून दिला, आणि देखावा सुरेख झाला. शिट्टी मात्र मी माझ्या इंजिनाची मळ्यात ध्वनिमुद्रित करून दिली. त्यासाठी दोघे-तिघे पहाटे आले होते. त्यातला एक कुपवाडला सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर काम करतो. बाकीचे व्हिडिओ काढत होते, हा काचेकडे बघत होता. थोड्या वेळाने म्हणाला, “काका, पाणी खाली गेलं आणि तुमचं लक्ष नसलं तर?” इतक्या वर्षांत इंजिन बघायला आलेल्या कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. मी त्याला फायरबॉक्सच्या छतावर नेहमी पाणी का असावं लागतं ते सांगितलं. पाणी उतरलं तर तांब्याचं छत थेट जाळावर येतं, मऊ पडतं आणि दाबाने आत बसतं. मग त्याच्या हातात फावडं दिलं. पहिल्याच फेरीत त्याने कोळसा एका जागी ढीग केला आणि काटा पडला. तो ओशाळला नाही. म्हणाला, “दाबाचा अंदाज उलटा येतोय. आधीच घालायला पाहिजे, पडल्यावर नाही.” मला वडिलांची आठवण झाली.

आता तो रविवारी येतो. आमचे मतभेद होतात. माझं म्हणणं, रॉड हाताने घासाव्यात. तो म्हणतो, मशीनवर शतांश मिलिमीटरात येतील, तुम्ही कडा तेवढ्या हाताने मारा. त्याचं बरोबर आहे असं मला वाटू लागलं आहे.

कारण आता नव्या इंजिनाचं काम निघालंय. सव्वासात इंची गेज, म्हणजे १८४ मिलिमीटर. बार्शी लाइटचे ७६२ मिलिमीटर त्यात जवळजवळ चौथ्या हिश्शाने बसतात. कॅलथ्रॉपच्या त्याच आठ जोडलेल्या चाकांच्या किटसनचं हे लहान रूप. मूळ इंजिनाचा सहा ॲक्सलवर प्रत्येकी पाच टन हा हिशेब धरला तर लहान इंजिन चारशे किलोंच्या आसपास भरेल. म्हणजे ते टेबलावर कधीच चढणार नाही. पाणी चढायला लागलं तर हलवता यावं म्हणून त्याची शेड मळ्यातल्या उंचवट्यावर बांधतोय, रूळ थेट आतपर्यंत. चौकटीच्या पाट्या कापून झाल्या आहेत. चाकांचे लाकडी पॅटर्न मी केलेत, ओतकाम कोल्हापूरला उद्यमनगरात होईल.

राहता राहिला सिलिंडरचा प्रश्न. गनमेटलचे करावेत की बिडाचे? पुराचा अनुभव सांगतो, गनमेटल. पोराचंही तेच मत पडलं, निष्काळजीपणाने ठेवलं तरी टिकेल म्हणाला. बीड कोरड्या, जास्त तापवलेल्या वाफेला चांगलं. तेलाने त्याची भिंत आरशासारखी घोटली जाते आणि चालत राहिलं तर दोन पिढ्या झिजत नाही. पण चार-सहा महिने तसंच उभं ठेवलं, शेवटच्या फेरीनंतर आत तेल सोडलं नाही, तर गंज धरून दट्ट्ये जागच्या जागी अडकतात. माझ्यानंतर हे इंजिन कुणाकडे जाईल याचा मी खूप विचार केला. मुलगा बंगळुरूला, त्याला याची गोडी नाही आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. कदाचित या पोराकडे जाईल, कदाचित पेटीत बसून अनोळखी कुणाकडे. ज्याच्याकडे जाईल त्याला ते चालवावं लागेल. दर काही आठवड्यांनी जाळ घालावा लागेल, पागोळ्यांचं पाणी धरावं लागेल, गोणपाट भिजवावं लागेल, आणि संध्याकाळी सिलिंडर गरम असतानाच तेल पाजावं लागेल. फौंड्रीवाल्याला मी बिडाचेच सांगितले आहेत.